चार इंचांचा हिशेब

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात अप्पर रेड लेक नावाचा तलाव आहे. पसारा अफाट, पण खोली बेताची. बहुतेक ठिकाणी पाच मीटरच्या आतच तळ लागतो. उथळ पाण्यात उन्हाळ्याची ऊब फार दिवस साठून राहत नाही. म्हणून राज्यातल्या खोल तलावांवर अजून लाटा उठत असतात तेव्हा अप्पर रेडवर बर्फ धरू लागतो, बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. ही बातमी पसरली की मासेमारीचे वेड असलेली माणसे मिनिआपोलिसहून चार-साडेचार तास गाडी हाकत तिथे पोचतात.

त्यांना हवा असतो वॉलआय, तिथला सर्वांत लाडका खाण्याचा मासा. थंडीच्या सुरुवातीला पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. काठाजवळच्या पाणवनस्पती अजून हिरव्या असतात, छोटे मासे त्यांच्या आसऱ्याला राहतात आणि त्यांच्या मागावर मोठे मासे उथळ पाण्यात येतात. जानेवारीच्या मध्यानंतर हेच मासे सुस्तावतात आणि आमिषाकडे सहसा ढुंकून पाहत नाहीत. म्हणजे मासा हमखास लागण्याचे दिवस आणि बर्फ सर्वांत कमी भरवशाचा असण्याचे दिवस नेमके एकच. या छंदातले बहुतेक धोके या योगातूनच येतात.

मिनेसोटात दहा एकरांहून मोठे ११,८४२ तलाव आहेत. हिवाळ्यात त्यांच्यावर दुसरे गावच वसते. बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडायचे, त्यातून आखूड काठीचा गळ सोडायचा आणि उपड्या बादलीवर बसून वाट पाहायची, हे त्याचे साधे रूप. भर थंडीत याच बर्फावर शेगडी आणि बिछाने असलेल्या चाकांच्या खोल्या उभ्या राहतात, ट्रक धावतात, रस्ते आखले जातात. पण ते जानेवारीचे चित्र. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माणूस पायी जातो, सामान घसरगाडीवर ओढून नेतो आणि प्रत्येक पावलाला त्याच्यासमोर एकच प्रश्न असतो: हा बर्फ आपल्याला पेलेल का?

या प्रश्नाला मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने दिलेले उत्तर तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पायी जाणाऱ्याला किमान चार इंच, म्हणजे दहा सेंटीमीटर, स्वच्छ आणि कडक बर्फ हवा. स्नोमोबिल या बर्फावर चालणाऱ्या गाडीला पाच ते सात इंच, लहान मोटारीला नऊ ते दहा, मध्यम ट्रकला तेरा. आकड्यांच्या खाली दोन सूचना असतात, आणि त्या वाचल्याशिवाय आकडे वाचूच नयेत. पहिली, कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो. दुसरी, बर्फ पांढरा असेल तर हे सगळे आकडे दुप्पट धरावेत.

हा चार इंचांचा आकडा कुठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात कॅनडातले लाकूड आणि कागदाचे कारखाने हिवाळ्यात गोठलेल्या नद्या-तलावांवरून ओंडके वाहून नेत. कुठे गाडी पार व्हायची, कुठे बुडायची. तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले संशोधक लॉर्न गोल्ड यांनी या कारखान्यांकडून नोंदी जमवल्या: बर्फ किती जाड होता, भार किती होता, टिकला की फुटला. या कामातून १९७१ साली त्यांनी मांडलेले सूत्र आजही अभियंते वापरतात. सेंटीमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा आणि त्याला एका गुणकाने गुणायचे. सावधपणे हा गुणक ४ धरतात, आणि उत्तर किलोत येते. पाच सेंटीमीटरला १०० किलो, दहाला ४००, वीसला १६००. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट होते.

आता माणूस उभा करून पाहा. जाड कपडे, बूट, बर्फ पोखरायचे यंत्र आणि मागे ओढलेली घसरगाडी धरली तर शंभर किलो सहज भरतात. पाच सेंटीमीटरवर हिशेब जेमतेम जुळतो, हाताशी काही उरत नाही. फिनलंडमध्ये पाच सेंटीमीटर कडक बर्फ एका माणसाला पेलतो असे मानतात आणि ते खरेही आहे, पण तो बर्फ सर्वत्र सारखा आणि निर्दोष असेल तर. दहा सेंटीमीटरवर मात्र सूत्र ४०० किलो सांगते, म्हणजे एका माणसाच्या भाराच्या जवळपास चौपट. मिनेसोटाच्या चार इंचांत ही चौपट मोकळीक दडलेली आहे आणि ती चैन म्हणून ठेवलेली नाही. गोल्ड यांच्या नोंदींत असेही प्रसंग होते, की जिथे जाडी हिशेबाने पुरेशी होती आणि तरीही बर्फ फुटला. भेगा, पाण्याचा प्रवाह, आत अडकलेले हिम, यांचा हिशेब सूत्रात नसतो. तो त्या मोकळिकीतून भागतो. म्हणून तीन इंचांवर ‘काय होतंय’ म्हणत पाऊल टाकणारा माणूस एक इंच नव्हे, तर जवळपास निम्मी ताकद सोडून देत असतो.

बर्फ फुटतो कसा? तरंगत्या बर्फावर भार पडला की तो किंचित वाकतो आणि भाराभोवती उथळ खळगा तयार होतो. खालचे पाणी त्याला वर रेटत असते, बराचसा आधार त्या पाण्याचाच. वाकताना बर्फाची खालची बाजू ताणली जाते, आणि बर्फ दाबाला जितका खमका तितकाच ताणाला नाजूक. त्यामुळे पहिली भेग खालून पडते आणि भाराच्या ठिकाणापासून चोहोबाजूंना पसरते. इथे थांबले तर माणूस अजून वाचतो. त्यानंतर या भेगांना छेद देणारी गोल भेग पडली की मधले तुकडे सुटतात आणि वर उभे असलेले सगळे त्यांच्यासकट खाली जाते. एखाद्याला मासा लागला म्हणून चार जण धावत जाऊन एकाच भोकाभोवती कोंडाळे करतात, तेव्हा ते चौघांचा भार एका खळग्यात ओतत असतात. जाणकार मंडळी पहिल्या बर्फावर एकमेकांपासून लांब लांब चालतात आणि लांबच बसतात. गप्पा मोठ्याने माराव्या लागतात, पण त्याला इलाज नाही.

धरण किंवा जलाशय असेल तर आणखी एक गोष्ट. बर्फ धरल्यानंतर पाणी सोडले की पातळी उतरते आणि काठालगतचा बर्फ खालच्या आधाराविना अधांतरी राहतो. तिथे दहा सेंटीमीटरला काही अर्थ उरत नाही.

बर्फ किती दिवसांत जाड होतो, याचेही गणित आहे, आणि ते गोल्ड यांच्यापेक्षा जुने आहे. व्हिएन्नाचे पदार्थवैज्ञानिक योसेफ श्टेफान यांनी १८९१ मध्ये ध्रुवीय समुद्रातल्या बर्फाच्या नोंदींवरून ते मांडले. पाणी वरून गोठते. एकदा पापुद्रा धरला की खालच्या पाण्यातली उष्णता त्या पापुद्र्यातूनच बाहेर पडावी लागते. पापुद्रा जाड होतो तशी ही वाट लांबते आणि वाढ मंदावते. म्हणून जाडी साचलेल्या थंडीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. साचलेली थंडी मोजायची रीत सोपी आहे: दिवसाचे सरासरी तापमान शून्याखाली पाच अंश असेल तर त्या दिवसाचे पाच अंश-दिवस, आणि असे रोजचे आकडे मिळवत जायचे. पाच सेंटीमीटरचा बर्फ दहाचा व्हायला आधी लागली त्याच्या तिप्पट थंडी आणखी लागते. दोन्ही नियम एकत्र ठेवले तर एक सुंदर गोष्ट दिसते. ताकद जाडीच्या वर्गाने वाढते आणि जाडी थंडीच्या वर्गमुळाने, म्हणजे बर्फाची ताकद साचलेल्या थंडीच्या सरळ प्रमाणात वाढते. थंडीचा प्रत्येक दिवस ताकदीत आपापली भर घालतो, पहिला असो की दहावा.

या गणिताची सर्वांत कठोर परीक्षा १९४१ च्या हिवाळ्यात झाली. लेनिनग्राड शहराला जर्मन फौजांचा वेढा पडला होता आणि मोठ्या प्रमाणावर धान्य आणायला लाडोगा सरोवराखेरीज वाट उरली नव्हती. बर्फ कधी धरेल आणि किती दिवसांत ट्रक पेलेल, यावर शहराचा जीव अवलंबून होता. त्या वेळी वापरलेले अंदाज उपलब्ध आहेत. दहा सेंटीमीटर बर्फ धरायला उणे पाच अंशांत ६४ तास लागतील, उणे दहात ३४ आणि उणे पंधरात २३. मोकळ्या घोड्याला दहा सेंटीमीटर पुरतील, एक टन माल घेतलेल्या ट्रकला वीस लागतील. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माणसे पायी पुढे जाऊन भोके पाडत जाडी तपासत गेली, २० नोव्हेंबरला घोड्यांच्या घसरगाड्या निघाल्या आणि २२ नोव्हेंबरला पहिले ट्रक. वीस सेंटीमीटरची वाट पाहायला वेळ नव्हता, म्हणून ट्रकांत माल कमी भरला आणि दोन गाड्यांत मोठे अंतर ठेवले. चालक दार उघडे ठेवून गाडी चालवत, बुडायची वेळ आली तर उडी मारता यावी म्हणून. तरी अनेक ट्रक बुडाले. पुढे असेही लक्षात आले, की ठरावीक वेगाने गेलेली गाडी बर्फाखालच्या पाण्यात लाट उठवते आणि ती लाट बर्फ फोडते. आजही बर्फावर मोटार सावकाश हाका असे सांगतात ते याच कारणाने.

लाडोगाचे ६४ तास उघड्या, वाऱ्याने झाडलेल्या बर्फाचे होते. तळ्यावर हिम पडले की हिशेब पार बदलतो. ताजे हिम गोधडीसारखे ऊब धरून ठेवते. अमेरिकी लष्करी अभियंत्यांच्या कोष्टकात वाऱ्याने स्वच्छ राहिलेल्या तलावासाठी श्टेफान यांच्या नियमातला गुणक २.७ आहे आणि हिम साचलेल्या सर्वसाधारण तलावासाठी १.७ ते २.४. आकडे जवळचे वाटतात, पण दहा सेंटीमीटरसाठी गणित करा. पहिल्या तलावाला सुमारे १४ अंश-दिवस पुरतात, दुसऱ्याला ३५ पर्यंत लागू शकतात. सरासरी उणे पाच अंश असेल तर एकाला तीन दिवस, दुसऱ्याला आठवडा. आणि हे दोन तलाव म्हणजे एकाच तलावाचे दोन कोपरेही असू शकतात: एक वाऱ्याच्या तोंडावरचा, दुसरा झाडांच्या आडोशाला हिमाखाली झाकलेला. उथळ खाडी आधी गोठते आणि मधले खोल पाणी कधी कधी आठवड्याने. ‘तलावावर पाच इंच बर्फ आहे’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. पाच इंच बर्फ असतो तो जिथे भोक पाडले तिथे.

हिमाचा दुसरा उपद्रव पांढऱ्या बर्फाचा. पातळ बर्फावर जड हिम साचले की त्याच्या वजनाने बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येते, हिमात मुरते आणि तो चिखल गोठून दुधासारखा पांढरा थर होतो. त्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकलेले असतात. खालून सावकाश धरलेला बर्फ मात्र काचेसारखा पारदर्शक असतो. खालचे काळे पाणी त्यातून दिसते, म्हणून तो काळा दिसतो. नवख्याला पांढरा बर्फ भक्कम वाटतो आणि काळ्यावर पाय ठेवायची छाती होत नाही. खरे उलटे आहे. तिसरा रंग राखाडी. तो दिसला की बर्फात पाणी आहे असे समजावे आणि मागे फिरावे.

आता प्रत्यक्ष मोजणी. या कामाचे पहिले हत्यार अगदी साधे आहे: पहार. साधारण दीड मीटर लांबीची, टोकाला छिन्नीसारखी धार असलेली, वरच्या टोकाला दोरीचा फास. तो मनगटात अडकवायचा असतो, कारण बर्फ अचानक फुटला की पहार हातातून निसटून थेट तळ गाठते. काठावरून बर्फावर उतरण्याआधीच पहिला घाव घालायचा. मग दोन-चार पावले पुढे, पुन्हा घाव, तोही पायाजवळ न घालता हात लांब करून पुढे. जाड बर्फावर पहार कडक ‘ठक्’ आवाज करून उसळते आणि हाताला झिणझिण्या येतात. पातळ बर्फावर आवाज पोकळ येतो आणि घाव रुततो. एका-दोन घावांत पाणी वर आले, तर पुढे जाण्याचा विषय संपला. आल्या पावलांच्या ठशांवरून, पाय न उचलता घसरत मागे यायचे. वळून दुसरी वाट शोधायची नाही, कारण तपासलेली वाट तेवढीच असते.

दुसरे हत्यार गिरमिट. पूर्वी हाताने फिरवत, आता बॅटरीवर चालते आणि दहा सेंटीमीटर बर्फ काही सेकंदांत पोखरते. भोक पडले की त्यात मोजपट्टी घालायची. तिच्या खालच्या टोकाला हूक असतो. तो बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून पट्टी वर ओढायची आणि पृष्ठभागाशी आकडा वाचायचा. इथे घाई करणारे लोक पृष्ठभागावरचे हिम आणि चिखलही मोजून टाकतात. ते आधी बुटाने झाडून काढावे लागते. मग भोकाच्या भिंतीकडे नीट पाहायचे. वरचा पट्टा पांढरा, खालचा नितळ, दोन्हींची सीमा सहसा स्पष्ट दिसते. समजा एकूण बारा सेंटीमीटर भरले. पाच इंचांना जवळजवळ टेकणारा आकडा, मन खूश. पण वरचे पाच सेंटीमीटर पांढरे असतील तर ते अडीच धरायचे. सात अधिक अडीच, साडेनऊ. हा माणूस अजून चार इंचांच्या आत आहे आणि त्याने परत जायला हवे. अर्ध्या सेंटीमीटरसाठी दिवस फुकट घालवणे जिवावर येते, पण तो अर्धा सेंटीमीटर त्याच भोकापुरता आहे. पुढच्या भोकात तो दोन सेंटीमीटरही असू शकतो. खात्याची सूचना निदान दर १५० फुटांवर, म्हणजे ४५ मीटरवर, मोजण्याची आहे. पहिल्या बर्फावर त्या दोन भोकांमधले अंतर पहारीनेच कापायचे.

ऐकूनही बर्फ ओळखतात. स्वीडनमध्ये तलावांवर लांब पल्ल्याचे स्केटिंग करणारी मंडळी पातळ काळ्या बर्फावरून जाताना त्याच्या सुराकडे कान लावून असतात. बर्फ जितका पातळ तितका सूर उंच. सूर चढू लागला की ते वाट बदलतात. हे कान वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार होतात. ते नसलेल्याने पहारीवरच विसंबावे. मात्र एक आवाज सर्वांना भिवविणारा असतो. रात्रीच्या कडाक्यात बर्फ आकसतो, लांबवर भेग धावते आणि तोफ उडाल्यासारखा आवाज तलावभर घुमतो. नवखा त्या आवाजाने काठाकडे पळतो. जाड, वाढत्या बर्फातही हा आवाज होतच असतो. पायाखालून बारीक चरचर झाली किंवा भेगेतून पाणी वर आले, तर मात्र खरी भीती बाळगावी.

कुठे बर्फ पातळ असतो, याची जाण असणारी माणसे तलावाला उन्हाळ्यातच पाहून ठेवतात. ओढा जिथे येऊन मिळतो आणि जिथून बाहेर पडतो, पुलाखाली, दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागी, तळातून झरा फुटतो तिथे, बीव्हर या प्राण्याच्या घराजवळ. बोटींच्या धक्क्याभोवती काही लोक पाण्यात हवा सोडून बर्फ धरू देत नाहीत, तोही भाग वर्ज्य. सर्वांत फसवी जागा पाणहंसांची. त्यांचे थवे तलावाच्या मध्ये एक डबके फिरत-पोहत उघडे ठेवतात आणि आसपास पंधरा सेंटीमीटर बर्फ झाल्यावर एके दिवशी उडून जातात. त्या रात्री डबके गोठते, दुसऱ्या दिवशी वर हिम पडते आणि सगळे सपाट, पांढरे, एकसारखे दिसू लागते. काठापासून तिथवर शंभर वेळा मोजलेला माणूसही त्या गोलात फसू शकतो.

लडाखमधल्या गोठलेल्या झांस्कर नदीवरून ‘चादर’ ट्रेकला जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे तलावाचे आकडे तिथे लावू नयेत. वाहत्या पाण्यावर बर्फ फार सावकाश धरतो. अमेरिकी लष्करी अभियंत्यांच्या त्याच कोष्टकात हिम साचलेल्या सर्वसाधारण नदीचा गुणक १.४ ते १.७ आहे, आणि आडोशाच्या लहान नदीचा त्याहून कमी. प्रवाह खालून बर्फ खातही असतो. झांस्करी वाटाडे पुढे काठी आपटत चालतात ते उगाच नाही. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवावे, फोटोसाठी बाजूला सरकू नये.

जाडीपलीकडचा धोका अप्पर रेड लेकनेच दाखवून दिला. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे दोनशेच्या आसपास माणसे मासे धरत असताना बर्फाचा प्रचंड तुकडा काठाकडच्या बर्फापासून सुटला आणि मध्ये उघडे पाणी पसरू लागले. बर्फ कुणाच्या पायाखाली फुटला नव्हता. तो माणसांना पेलण्याइतका जाड होता आणि माणसांसकट तरंगत निघाला होता. बचाव पथकांनी सर्वांना सुखरूप काठावर आणले. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर २०२३ रोजी, त्याच तलावावर पुन्हा असेच घडले आणि १२२ जणांना सोडवावे लागले. अफाट, उथळ तलावावर वाऱ्याला धावायला मैलोन् मैल मोकळे असतात. दूरवर अजून उघडे पाणी असेल तर तिथल्या लाटा बर्फाच्या कडेला खालून हेलकावे देतात. अशा तलावावर निघण्यापूर्वी तापमानाइतकाच वाऱ्याचा अंदाज पाहायचा असतो. वारा काठाकडून तलावाकडे वाहणार असेल तर घरी राहणेच बरे.

आणि बर्फ फुटलाच तर? कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात माणसाचे काय होते याचा आयुष्यभर अभ्यास केला, स्वतः अनेकदा बर्फाच्या पाण्यात उतरून. त्यांनी लोकांसाठी तीन आकडे सांगितले: एक, दहा, एक. पहिले एक मिनिट श्वासाचे. थंड पाण्याच्या धक्क्याने माणूस आपोआप धापा टाकू लागतो, आणि या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास आवरणे एवढेच काम असते. मग दहा मिनिटे हातपाय हुकमात असतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. बहुतेक लोक समजतात की थंडीने क्षणात सगळे संपते, आणि त्या समजुतीने घाबरून पहिल्याच मिनिटात बुडतात. वेळ असतो, हे आधी माहीत असणे फार मोलाचे आहे.

या दहा मिनिटांत काय करायचे तेही ठरलेले आहे. ज्या दिशेने आलो तिकडे तोंड फिरवायचे, कारण तिथल्या बर्फाने आत्तापर्यंत पेललेले असते. गळ्यात अडकवलेले दोन टोचे हातात घेऊन बर्फात रोवायचे. ओल्या हाताला गुळगुळीत बर्फावर पकड मिळत नाही, म्हणून हे टोचे. पाय पाण्यात लोंबकळत न ठेवता पोहताना झाडतात तसे जोरात झाडून शरीर आडवे करायचे आणि पोटावर सरकत वर यायचे. वर आल्यावर उभे राहायचे नाही, लोळतच लांब जायचे. सोबतच्या माणसाने जवळ धावू नये. आडवे होऊन दोरी फेकावी आणि मदतीला फोन करावा. पायी जाणाऱ्याने जाकिटावर किंवा त्याच्या आत लाइफ जॅकेट घालावे. मोटारीत बसलेल्याने मात्र घालू नये, कारण बुडत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर पडायला ते अडथळा करते.

हिवाळे बदलत आहेत आणि त्याबरोबर हा सगळा अनुभवही जुना होत चालला आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात मेंडोटा तलाव कधी गोठला आणि कधी वितळला, याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत. तेव्हाच्या तुलनेत बर्फाचा काळ आता सुमारे महिनाभराने आखडला आहे. टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या सपना शर्मा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दहा देशांतल्या हिवाळी बुडण्याच्या चार हजारांहून अधिक घटना तपासल्या. हिवाळ्याचे तापमान शून्याच्या जवळ येते तसे हे मृत्यू झपाट्याने वाढतात, असे त्यांना आढळले. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. ब्रेनर्डजवळच्या गल लेकवर दर जानेवारीत हजारो माणसांची मासेमारी स्पर्धा भरते. त्या वर्षी ती बर्फावर भरवता आली नाही. आजोबांनी शिकवलेले ‘थँक्सगिव्हिंगनंतर या खाडीवर चालता येते’ हे, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या त्या सणाचे, ज्ञान आजोबांच्या हिवाळ्यांचे होते. आता तारखेवर विसंबता येत नाही.

मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते तलावांची जाडी मोजत नाही आणि कोणताही तलाव सुरक्षित असल्याचा दाखला देत नाही. तलावावर रोज जाणारे असतात ते काठावरचे आमिषाचे दुकानदार आणि विश्रामगृहांचे मालक. नोकरीनिमित्त मिनिआपोलिसकडे गेलेली आणि शेजाऱ्यांच्या उत्साहाने पहिल्यांदाच बर्फावर उतरणारी मराठी कुटुंबे असतील, तर त्यांनी निघण्याच्या सकाळी त्यांपैकी एकाला फोन करावा. कालची नव्हे, आजची जाडी विचारावी, आणि कोणत्या खाडीत मोजली हेही विचारावे. एकट्याने जाऊ नये, परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी, पहार आणि टोचे नसतील तर काठावरच थांबावे. आणि पहिल्या भोकात चार इंच स्वच्छ बर्फ दिसला नाही तर त्या दिवशी गळ टाकू नये. मासे डिसेंबरच्या अखेरीसही मिळतात.